मुलाखत : न्याय्यता आणि परिणामकारकता (अध्यापक-निवडीच्या विशेष संदर्भात एक चिकित्सा)

प्रास्ताविक

नोकरीसाठी घेतली जाणारी मुलाखत ही आपल्या सार्वजनिक जीवनातील एक विलक्षण संस्था आहे. जवळजवळ प्रत्येक सुशिक्षित माणूस तिच्यातून गेलेला असतो. तिच्याविषयी प्रत्येकाची काही ना काही तक्रार असते आणि तरीही टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीवर बसण्याची वेळ आली की, आपल्याला माणूस ओळखता येतो, असा विश्वास प्रत्येकाला वाटू लागतो. लग्न जुळविताना कांदेपोह्यांच्या बशीमागून मुलीचा स्वभाव ताडणाऱ्या वडीलधाऱ्यांची आज आपण थट्टा करतो. मात्र दहा मिनिटांत पुढच्या तीस वर्षांचा अध्यापक निवडणाऱ्या समितीची थट्टा करण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही, कारण त्या समितीत आपणच असतो.

प्रस्तुत लेखात मुलाखत या निवडपद्धतीची चिकित्सा दोन प्रश्नांच्या आधारे करण्याचा प्रयत्न आहे. ती न्याय्य आहे काय, आणि ज्या कामासाठी माणूस निवडायचा ते काम तो कसे करील हे ती सांगू शकते काय? हे दोन प्रश्न वेगळे असले, तरी त्यांची गाठ पक्की आहे. जी पद्धत माणसाच्या भावी कामाविषयी फारसे काही सांगत नाही, तिच्या आधारे एकाला नेमणे आणि दुसऱ्याला परत पाठविणे न्याय्य कसे ठरेल? विवेचनाचा मुख्य रोख महाविद्यालयीन अध्यापकांच्या निवडीवर आहे. प्रस्तुत नियतकालिकाचा वाचक याच प्रक्रियेतून आलेला आहे आणि पुढे तीच प्रक्रिया चालविणारही आहे.

न्यायालयाच्या तराजूत मुलाखत

भारतात मुलाखतीची सर्वांत गंभीर समीक्षा मानसशास्त्राच्या विभागांपेक्षा सर्वोच्च न्यायालयात झाली, असे म्हणावे लागेल. अजय हासिया विरुद्ध खालिद मुजीब सेहरावर्दी या खटल्यात श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशप्रक्रियेला आव्हान देण्यात आले होते. लेखी परीक्षेला १०० गुण होते आणि मुलाखतीला ५०. म्हणजे एकूण गुणांचा तिसरा हिस्सा तोंडी परीक्षेच्या हाती होता. प्रत्येक उमेदवाराची मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली होती आणि तिच्यात विषयापेक्षा वडील कोण, राहता कुठे, अशी विचारपूस अधिक झाली होती. नोव्हेंबर १९८० मध्ये दिलेल्या या निकालात, अशा प्रवेशांसाठी मुलाखतीला १५ टक्क्यांहून अधिक गुण ठेवणे मनमानीचे ठरेल, असे न्यायालयाने म्हटले. निकालात आणखी एक सूचना आहे आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. मुलाखतींचे ध्वनिमुद्रण व्हावे, म्हणजे पुढे वाद उद्भवल्यास तपासण्याजोगे काहीतरी हाती राहील, अशी ती सूचना. लेखाच्या अखेरीस तिच्याकडे पुन्हा यावे लागणार आहे.

हा खटला प्रवेशाचा होता. नोकरीच्या संदर्भात कळीचा निकाल १९८५ सालचा, अशोककुमार यादव विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यातील आहे. हरियाणा लोकसेवा आयोगाने लेखी परीक्षेसाठी ७०० आणि मुलाखतीसाठी २०० गुण ठेवले होते, म्हणजे मुलाखतीचा वाटा २२.२ टक्के होता. माजी सैनिकांसाठी तो ३३.३ टक्के होता. लेखी परीक्षेत ४५ टक्के मिळविणाऱ्या सर्वांना बोलावल्यामुळे जागा ११९ आणि मुलाखतीला तेराशेहून अधिक उमेदवार, अशी स्थिती झाली. हे प्रमाण अवाजवी असल्याचे न्यायालयाने ठरविले. त्या वेळी केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत २०५० पैकी २५० गुण, म्हणजे १२.२ टक्के, मुलाखतीला होते. तेच प्रमाण आदर्श म्हणून पुढे ठेवण्यात आले.

या निकालातील टक्केवारी सर्वत्र उद्धृत होते, पण तिच्यामागील गणिताकडे दुर्लक्ष होते. मुलाखतीचे खरे वजन तिला दिलेल्या गुणांवरून ठरत नाही. ते उमेदवारा-उमेदवारांत पडणाऱ्या गुणांच्या अंतरावरून ठरते. समजा, लेखी परीक्षेत ‘क’ला ७०० पैकी ३७० गुण आहेत आणि ‘ख’ला ३२५. लेखी परीक्षेत पंचेचाळीस गुणांची आघाडी ही मोठीच आघाडी. आता मुलाखतीत समितीने ‘क’ला २०० पैकी ८० आणि ‘ख’ला १४० दिले, तर ‘ख’ १५ गुणांनी पुढे जातो. लेखी परीक्षेचे सर्व पेपर मिळून जे अंतर पडले, ते काही मिनिटांत पुसले गेले. कागदावर मुलाखतीचे वजन २२ टक्के होते, प्रत्यक्षात निकाल तिनेच लावला. लेखी परीक्षेत गुण एका अरुंद पट्ट्यात दाटीवाटीने बसतात आणि मुलाखतीचे गुण मोकळ्या हाताने दिले जातात, म्हणून हे घडते. ज्याला ‘क’ऐवजी ‘ख’ हवा आहे, त्याला लेखी परीक्षेला हात लावण्याची गरजच उरत नाही.

न्यायालयाची भूमिका एकसुरी मात्र नव्हती. लीला धर विरुद्ध राजस्थान राज्य (१९८१) या खटल्यात मुन्सफांच्या निवडीसाठी मुलाखतीला ठेवलेले २५ टक्के गुण वैध ठरले. युक्तिवाद असा की, महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्या मुलाचे व्यक्तिमत्त्व घडलेले नसते, तेव्हा त्याच्या पाठांतराला आणि गुणांना महत्त्व द्यावे. प्रौढ, अनुभवी व्यक्तीची निवड करताना मात्र मुलाखतीला मोठे स्थान देता येईल, प्रसंगी केवळ मुलाखतीवरही निवड करता येईल. युक्तिवाद वरवर पटण्याजोगा आहे. त्यात एक गृहीतक मात्र दडलेले आहे : व्यक्तिमत्त्व घडलेले असले की ते मुलाखतीत दिसते. हे न्यायशास्त्राचे विधान नव्हे. ते मानसशास्त्राचे विधान आहे आणि त्याची परीक्षा त्याच शास्त्राच्या कसोटीवर व्हायला हवी.

मुलाखत काय मोजते?

ही परीक्षा शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. एखाद्या गुणाने दिपून जाऊन बाकीचे सर्व गुणही त्या माणसाला बहाल करण्याच्या मानवी प्रवृत्तीकडे एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्येच लक्ष वेधले होते. उमेदवार नीटनेटका आहे, त्या अर्थी तो अभ्यासूही असणार, अशी ही प्रवृत्ती. पुढे फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये पंच्याऐंशी वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला. त्यानुसार मुलाखतीतील मूल्यांकन आणि प्रत्यक्ष कामगिरी यांतील सहसंबंध मोकळ्या, अनियोजित मुलाखतीसाठी ०.३८ आणि नियोजित मुलाखतीसाठी ०.५१ होता. नियोजित मुलाखत म्हणजे जिच्यात सर्वांना तेच प्रश्न विचारले जातात आणि गुण कशासाठी द्यायचे हे आधी ठरलेले असते. पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये या गणनपद्धतीतील दोष दाखवून नव्याने हिशेब मांडला. त्यांच्या मते नियोजित मुलाखतीचा सहसंबंध ०.४२ इतका भरतो आणि अनियोजित मुलाखतीचा केवळ ०.१९. सहसंबंधाचा वर्ग केला, तर पुढील कामगिरीतील फरकांपैकी चार टक्क्यांहूनही कमी भागाचा उलगडा अनियोजित मुलाखत करते. उलट, नियोजित मुलाखत या नव्या हिशेबात निवडीच्या सर्व साधनांत वरच्या क्रमांकावर येते. म्हणजे दोष समोरासमोर बसून प्रश्न विचारण्यात नाही. काय विचारायचे हे न ठरविता बसण्यात तो आहे.

आकड्यांपेक्षा एका घटनेने हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. अमेरिकेतील ह्यूस्टन येथील टेक्सास विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाने १९७९ मध्ये सुमारे आठशे उमेदवारांच्या मुलाखती घेऊन क्रमवारी लावली आणि दीडशे विद्यार्थी घेतले. हे सारे पहिल्या साडेतीनशेतले होते. मग राज्याच्या विधिमंडळाने पन्नास जागा वाढवायला लावल्या. तोवर चांगल्या क्रमांकाचे उमेदवार अन्यत्र गेले होते, त्यामुळे सातशे ते आठशे या तळाच्या क्रमांकांतून पन्नास जण घ्यावे लागले. पुढील काही वर्षांत या दोन गटांच्या शिक्षणात आणि प्रत्यक्ष रुग्णसेवेच्या प्रशिक्षणात उल्लेखनीय फरक आढळला नाही, असे १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदले आहे. विधिमंडळाने हट्ट धरला नसता, तर ते पन्नास जण ‘अयोग्य’ म्हणूनच नोंदले गेले असते आणि तो निर्णय चुकीचा असल्याचे कोणालाही कधी कळले नसते. मुलाखतीवरील आपला विश्वास टिकून राहतो तो याच कारणाने. नाकारलेला उमेदवार पुढे काय करतो, हे पाहायला समिती कधी जात नाही.

जेसन डेना, रॉबिन डॉज आणि नॅथॅनियल पीटरसन यांचा २०१३ मधील प्रयोग तर अस्वस्थ करणारा आहे. त्यात मुलाखत देणाऱ्या काही विद्यार्थ्यांना उत्तरे चक्क यादृच्छिक पद्धतीने देण्यास सांगण्यात आले होते. मुलाखत घेणाऱ्यांना त्याचा पत्ता लागला नाही. असंबद्ध उत्तरांतूनही त्यांनी एक सुसंगत व्यक्तिमत्त्व उभे केले आणि आपण समोरच्याला ओळखले, अशी खात्री बाळगली. आपल्याकडील निवडसमित्यांत ‘पोरगा बोलला कमी, पण आहे खोल’ आणि ‘बोलला भरपूर, पण पोकळ’ ही दोन्ही वाक्ये एकाच दुपारी ऐकू येतात. ती ऐकताना या प्रयोगाची आठवण व्हावी.

कोण बोलावले जाते, कोणाला काय विचारले जाते

मुलाखतीच्या न्याय्यतेचा प्रश्न मुलाखतीच्या दालनात सुरू होत नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी २००५-०६ मध्ये खासगी क्षेत्रातील जाहिरातींना उत्तर म्हणून समान पात्रतेचे अर्ज पाठविले. फरक फक्त आडनावांचा होता. २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जदाराला पुढील फेरीसाठी बोलावणे येण्याची संभाव्यता-गुणोत्तरे ०.६७ इतकी होती, तर मुस्लीम नावासाठी ०.३३. पात्रता सारखी असूनही दार वेगवेगळ्या प्रमाणात उघडले. त्याच वर्षी, त्याच साप्ताहिकात सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातील पंचवीस मनुष्यबळ व्यवस्थापकांशी केलेल्या संवादांचे विश्लेषण मांडले. आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो, जात पाहत नाही, असे हे व्यवस्थापक एकमुखाने सांगत होते. उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ विचारणे मात्र त्यांतील बहुतेकांना अत्यावश्यक वाटत होते.

‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ हा शब्द वसईत उच्चारण्याची गरजच पडत नाही. येथे आडनाव आणि गाव सांगितले की जात, धर्म, बोली, क्वचित आळीसुद्धा कळते. निर्मळ-भुईगाव पट्ट्यातील सामवेदी बोलणारा, आगाशी-अर्नाळ्याकडचा वाडवळ किंवा कोळी, नालासोपाऱ्याच्या चाळीत वाढलेला स्थलांतरिताचा मुलगा आणि जव्हार-मोखाड्याहून आलेला वारली उमेदवार, हे चौघे एकाच विद्यापीठाची पदवी घेऊन समितीसमोर येतात. चौघांच्या तोंडी चार प्रकारची मराठी असते आणि चार प्रकारचे इंग्रजी. ‘संवादकौशल्य’ या रकान्यात मिळणारे गुण यांतल्या कशाचे असतात? फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या घरची बोली सामवेदी होती. पुढे ते उस्मानाबादच्या २०२० च्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तरुणपणी एखाद्या निवडसमितीने त्यांच्या उच्चारांवर काय शेरा मारला असता, याची केवळ कल्पनाच करता येते.

खासगी कारखान्यांत आणि कार्यालयांत काही वेगळे घडत नाही. वालीव, सातिवली, गोखिवरे येथील औद्योगिक वसाहतींत नोकऱ्या बऱ्याच अंशी ओळखीने लागतात, तेथील मुलाखत पुष्कळदा औपचारिकता असते. अंधेरी-मालाडकडच्या सेवाउद्योगांत मात्र मुलाखतच सर्वस्व असते आणि आमचे पदवीधर तेथे इंग्रजीवर अडखळतात. यावर महाविद्यालयांनी शोधलेला उपाय म्हणजे व्यक्तिमत्त्व विकासाची कार्यशाळा. टाय कसा बांधावा, हात कसा मिळवावा, ‘तुमचा कमकुवतपणा कोणता?’ या प्रश्नाला कोणते उत्तर द्यावे, हे तेथे शिकविले जाते. मृणाल सेन यांच्या ‘इंटरव्ह्यू’ (१९७१) या बंगाली चित्रपटातील तरुणाला परदेशी कंपनीतील नोकरीसाठी फक्त एका सुटाची गरज असते. धुलाईवाल्यांच्या संपामुळे त्याचा सूट अडकतो, मागून आणलेला हातचा जातो आणि अखेरीस तो धोतर-कुर्त्यात मुलाखतीला जातो. नोकरी अर्थातच मिळत नाही. शेवटी तो दुकानातल्या सुटाबुटातील पुतळ्याची मोडतोड करतो. आपल्या कार्यशाळा त्या पुतळ्याचे माप विद्यार्थ्याला शिकवितात. एक वर्ष आधीच्या, सत्यजित राय यांच्या ‘प्रतिद्वंद्वी’तील नायक तर उत्तर चांगले देतो म्हणूनच नापास होतो. दशकातील सर्वांत महत्त्वाची घटना म्हणून तो चंद्रावरील पाऊल न सांगता व्हिएतनामच्या जनतेचा लढा सांगतो आणि समितीला त्याच्या राजकीय मतांची शंका येते.

अध्यापकाची निवड : वीस टक्क्यांवरून शंभरावर

आता आपल्याच अंगणात पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांत सहायक प्राध्यापकाच्या निवडीसाठी गुणांची विभागणी स्पष्ट होती : शैक्षणिक कामगिरी व संशोधन ५० टक्के, विषयज्ञान व अध्यापनकौशल्य ३० टक्के आणि मुलाखत २० टक्के. त्या विनियमांतील शैक्षणिक कामगिरी निर्देशांकावर सडकून टीका झाली आणि ती बव्हंशी योग्य होती. गुणांच्या हव्यासाने निकृष्ट नियतकालिकांचे जे पीक आले, त्याच्या झळा आपण सारे सोसत आहोत. (बहुविद्याशाखीय नियतकालिकांतून लिहिणाऱ्याने हे वाक्य जपूनच लिहिलेले बरे.) पण रोगावर जो उपाय झाला तो पाहावा. जुलै २०१८ च्या विनियमांनुसार शैक्षणिक गुणांचा उपयोग केवळ मुलाखतीसाठी उमेदवारांची यादी करण्यापुरता राहिला आणि निवड केवळ मुलाखतीतील कामगिरीवर करावी, असे ठरले.

केवळ मुलाखतीतील कामगिरीवर! ज्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रशासकीय अधिकाऱ्यांच्या निवडीत २२ टक्के अवाजवी मानले, त्याच देशात महाविद्यालयीन अध्यापकांसाठी शंभर टक्के मान्य झाले. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून कनिष्ठ पदांच्या मुलाखती रद्द केल्या, कारण त्यांत वशिला आणि भ्रष्टाचार शिरतो, असे कारण जाहीरपणे सांगितले गेले. मग अडीच वर्षांनी अध्यापकांसाठी उलट दिशेने पाऊल का पडावे? लीला धर खटल्यातील युक्तिवादाचा आधार येथे घेतला जाईल, हे उघड आहे. परंतु सहायक प्राध्यापक हे प्रवेशस्तराचे पद आहे. नेट किंवा सेट होऊन आलेला अठ्ठावीस वर्षांचा तरुण आणि अनुभवी न्यायाधीश एका मापाने मोजता येणार नाहीत.

विनियमांच्या भाषेकडेही बारकाईने पाहायला हवे. निवडप्रक्रिया पारदर्शक, वस्तुनिष्ठ आणि विश्वासार्ह असावी, असे तेथे म्हटले आहे. प्रक्रिया अधिक विश्वासार्ह व्हावी म्हणून वर्गातील व्याख्यानाद्वारे किंवा परिसंवादाद्वारे अध्यापनक्षमता तपासता येईल, असेही म्हटले आहे. परंतु येथे ‘करावी’ हे क्रियापद नाही, ‘करता येईल’ हे आहे. उमेदवाराने ज्या एका गोष्टीसाठी वेतन घ्यायचे ती गोष्ट तपासणे ऐच्छिक आणि त्याच्याशी गप्पा मारणे अनिवार्य, असा हा उलटा क्रम आहे. आचारी निवडताना स्वयंपाक करून न पाहता केवळ पाककृती तोंडी विचारण्यासारखेच हे.

जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने नव्या विनियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यावरील वाद मुख्यतः कुलगुरूंच्या नियुक्तीभोवती घुमला, सहायक प्राध्यापकाच्या निवडीकडे फारसे कोणी पाहिले नाही. महाराष्ट्रात मात्र त्याच वर्षी विद्यापीठांतील अध्यापकांसाठी मुलाखतीबाहेरच्या गुणांना पुन्हा मोठे वजन देणारी कार्यपद्धती पुढे आली, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे. शालेय स्तरावर हा प्रवास आधीच झाला होता. २०१७ च्या अभियोग्यता चाचणीनंतर ‘पवित्र’ प्रणालीतून शिक्षकभरती सुरू झाली, तेव्हा खासगी संस्थांना ‘मुलाखतीशिवाय’ आणि ‘मुलाखतीसह’ असे दोन पर्याय ठेवले गेले. मुलाखतीचा अधिकार संस्था किती हिरिरीने जपतात, हे त्या दुसऱ्या पर्यायाच्या अस्तित्वावरूनच कळते.

एका दुपारची नोंद

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात विषयतज्ज्ञ म्हणून जाण्याचा प्रसंग आला. पद एक, उमेदवार चौदा. सकाळी अकराला सुरुवात झाली आणि दोन वाजता जेवण ठेवले होते. भागाकार वाचकांनी करावा. तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाला एक उमेदवार आला, तो मोखाड्याकडचा. पहाटेची एस.टी. पकडून निघालेला. सात वर्षे तासिका तत्त्वावर शिकवीत होता, एकाच वेळी दोन महाविद्यालयांत. त्याला पहिला प्रश्न विचारला गेला तो मुक्कामाचा : “इथे राहणार कुठे? भाडी परवडतील?” दुसरा, लोकलची गर्दी झेपेल का. त्यानंतरच्या उमेदवार बाईंना, मुले लहान आहेत का, असे विचारले गेले. कोणाचाही हेतू वाईट नव्हता, हे येथे नमूद केले पाहिजे. प्रश्न आपुलकीच्या सुरात विचारले गेले. ती आपुलकीच घातक होती, कारण तिच्यात अकरा मिनिटांपैकी पाच गेली.

इतरांना दोष देऊन स्वतः मोकळे होणे बरे नव्हे. मी सर्वाधिक गुण ज्या उमेदवाराला दिले, तो ज्या समीक्षापद्धतीविषयी बोलला, ती माझीही आवडती होती. त्याने वापरलेल्या संज्ञा माझ्या तोंडी बसलेल्या होत्या. घरी परतताना विरार लोकलमध्ये हे माझ्या ध्यानात आले. माझ्या टिपणात त्याच्या नावापुढे ‘आत्मविश्वास चांगला’ आणि मोखाड्याच्या उमेदवारापुढे ‘थोडा बुजरा’ असे शेरे होते. सात वर्षांत या माणसाने काही हजार तास वर्गात बोलण्यात घालविले होते. बुजरेपणा त्याच्या वर्गात होता की आमच्या टेबलासमोर, हे शोधण्याचा कोणताही मार्ग आम्ही ठेवला नव्हता. इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर त्या वेळी द्वितीय वर्षाचा वर्ग भरलेला होता.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

मुलाखत काढून टाकावी, असा या विवेचनाचा अर्थ नाही. लेखी परीक्षा आणि गुणपत्रके काही आकाशातून पडलेली नाहीत. शिकवण्या परवडणाऱ्याला लेखी परीक्षा सोपी जाते आणि गुणही विकत मिळू शकतात. २०२१ मध्ये उघडकीस आलेल्या शिक्षक पात्रता परीक्षेच्या गुणवाढ प्रकरणाने महाराष्ट्राला ते दाखवून दिले आहे. शिवाय अध्यापन हा बोलण्याचा व्यवसाय आहे. माणूस बोलतो कसा, प्रश्न आल्यावर थांबतो कसा, माहीत नसलेले माहीत नाही म्हणतो का, हे कोणत्याही गुणपत्रकावर दिसत नाही. ते मुलाखतीत दिसू शकते, पण ते पाहण्यासाठी मुलाखत योजलेली असावी लागते.

डॅनिएल काहनेमान यांनी १९५५ च्या सुमारास इस्रायली सैन्यासाठी मुलाखतपद्धती तयार केली. तिच्यात सहा गुणविशेष आधी ठरविलेले होते. प्रत्येकाविषयी ठरावीक वस्तुनिष्ठ प्रश्न विचारायचे आणि एकाचे गुण नोंदविल्याशिवाय पुढच्याकडे जायचे नाही. मुलाखत घेणाऱ्यांनी, आम्हाला यंत्र बनवता, अशी तक्रार केली. तेव्हा सर्व गुण देऊन झाल्यावर डोळे मिटून एक एकंदर गुण देण्याची मुभा त्यांना दिली गेली. पुढे असे आढळले की, आधीची शिस्त पाळून मग दिलेला तो अंतःप्रेरणेचा गुणही उपयोगी ठरला. आपल्या समित्या डोळे आधी मिटतात.

आपल्या महाविद्यालयांत हे अवघड नाही. उमेदवाराला आदल्या दिवशी अभ्यासक्रमातील एक घटक द्यावा आणि त्याला वीस मिनिटे खऱ्या विद्यार्थ्यांसमोर शिकवू द्यावे. विषयावरील चार प्रश्न समितीने सकाळीच लिहून काढावेत आणि सर्वांना तेच विचारावेत. मुक्काम, विवाह, मुले, आडनाव यांपैकी काही विचारू नये. प्रत्येक सदस्याने चर्चेआधी आपले गुण शाईने लिहावेत. अध्यक्षांनी सर्वांत शेवटी बोलावे, ही सूचना मात्र कागदावर सोपी आणि व्यवहारात कठीण आहे, कारण आपल्याकडे अध्यक्ष बोलल्यावर चर्चा संपते. राखीव जागेवर ‘योग्य उमेदवार आढळला नाही’ असा शेरा मारायचा असेल, तर प्रत्येक उमेदवार कोणत्या प्रश्नावर व कोणत्या निकषावर कमी पडला, हे लिहिण्याचे बंधन समितीवर हवे. निकषांची घोषणाही जाहिरातीतच व्हायला हवी. मुलाखतीसाठी किमान गुणांची अट मागाहून घालणे अवैध आहे, असे के. मंजुश्री खटल्यात २००८ मध्ये ठरले होते. भरती सुरू झाल्यावर, नियमांत तशी मुभा नसताना, खेळाचे नियम बदलता येत नाहीत, हे नोव्हेंबर २०२४ मध्ये तेजप्रकाश पाठक खटल्यात घटनापीठानेही स्पष्ट केले आहे.

राहिला प्रश्न पुराव्याचा. परीक्षार्थीला आपली तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकाराखाली पाहता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मान्य केले. मुलाखतीला उत्तरपत्रिका नसते. नाकारलेल्या उमेदवाराला फार तर एक आकडा मिळतो. त्याला कोणता प्रश्न विचारला गेला, त्याने काय उत्तर दिले, यांची नोंद कोठेही नसते. अजय हासिया खटल्यात ध्वनिमुद्रणाची सूचना झाली, तेव्हा ध्वनिमुद्रक ही महाग वस्तू होती. आज समितीच्या प्रत्येक सदस्याच्या खिशात तो असतो. २०२० च्या टाळेबंदीत मुलाखती संगणकाच्या पडद्यावर झाल्या, तेव्हा मुद्रणासाठी एक कळ दाबणे पुरेसे होते. तरीही ध्वनिमुद्रणाचा विषय निघाला की, त्यामुळे मोकळेपणा जाईल, असा आक्षेप येतो. कोणाचा मोकळेपणा, हे मात्र आक्षेप घेणारे सांगत नाहीत. त्या दुपारी मोखाड्याच्या उमेदवाराला विषयावरचा एक तरी प्रश्न मी विचारला होता का, हे मला आज आठवत नाही आणि ते तपासायला माझ्याकडे दोन शब्दांच्या त्या टिपणाखेरीज काहीही नाही.